कॅलेंडुलाचं घरी केलेलं तेल अन् मलम, आठ महिने वापरल्यावरचा अनुभव

आमचं गाव सेलू तालुक्यात, परभणी जिल्हा. घरचा कापूस आहे. कापूस ज्यांनी वेचलाय त्यांना सांगायची गरज नाही की वाळलेल्या बोंडाच्या टोकांनी बोटं कशी होतात, नखांच्या कडेला बारीक बारीक चिरा पडतात अन् रात्री भाकरीच्या पिठाला हात लावला की जीव जातो. टाचांचं तर विचारूच नका. सासूबाईंच्या टाचेच्या भेगेत एकदा ज्वारीचा दाणा अडकलेला मी स्वतः काढलाय, तेव्हापासून डोक्यात होतं की ह्याच्यावर काहीतरी नीट करायचं.

आधी सगळ्यात मोठी चूक सांगते कारण ती बऱ्याच जणी करायल्यात. कॅलेंडुला म्हणजे आपला दसऱ्याचा झेंडू नाही! इंग्रजीत दोघांनाही मेरीगोल्डच म्हणतात म्हणून घोटाळा होतो. झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा, कॅलेंडुला भूमध्य समुद्राकडचा, कुळ एक पण झाड वेगळं. मी पहिल्या वर्षी दसऱ्याच्या उरलेल्या माळा तोडून तेलात उकळल्या अन् ते तेल हाताला लावून उन्हात वेचणीला गेले, दोन दिवस मनगटापर्यंत लाल झालं अन् खाज. नंतर कळलं की झेंडूत थायोफीन नावाचे घटक असतात ते उन्हात कातडीला भोवतात, शिवाय बाजारातल्या फुलावर फवारणी किती असते देव जाणे.

मग खरं कॅलेंडुलाचं बी मागवलं. दसऱ्यानंतर न्हाणीच्या पाण्यावर वाफा केला, डिसेंबरच्या शेवटाला फुलं सुरू झाली ती मार्चच्या उन्हापर्यंत. ओळखायची खूण सांगते, फूल तोडलं की बोटाला डिंकासारखं चिकट लागतं. तो चिकटपणाच कामाचा आहे. त्यामुळे नुसत्या पाकळ्या घेऊ नका, खालच्या हिरव्या बोंडासकट अख्खं फूल घ्या.

पण ते बोंड वाळायला लई वेळ घेतं. माझी पहिली बरणी ह्याच्यामुळेच गेली, पाकळ्या कुरकुरीत लागल्या म्हणून मी तेल ओतलं अन् पंधरा दिवसात वर पांढरी बुरशी. आता सावलीत सुपात पसरून आठ-दहा दिवस ठेवते अन् बोंड नखाने मोडून बघते, कट् वाजलं पाहिजे. काचेची बरणी, त्यात घाण्यावरचं करडईचं तेल फुलं बुडतील इतकं, एक महिना कपाटात, मधून मधून हलवायचं, मग जुन्या धोतराच्या फडक्याने गाळायचं. मलमासाठी पाव लिटर तेलाला तीसेक ग्रॅम मधमाशीचं मेण. एप्रिल-मेमध्ये ते डबीत पाण्यासारखं झालं, म्हणून उन्हाळ्यासाठी मेण वाढवून चाळीस ग्रॅम केलं ते बरोबर बसलं.

आता उपयोग. बोटांच्या चिरा, फरदडीच्या (मुख्य वेचणीनंतर ठेवलेल्या कापसाच्या) वेचणीत रोज रात्री लावलं, तिसऱ्या-चौथ्या दिवशी आग थांबली. टाचांना वेळ लागला. कोमट पाण्यात पाय भिजवून, पुसून, मलम अन् वर सुती मोजे, असं दीड महिना केल्यावर भेगा भरल्या. सासूबाई आधी म्हणायल्या, "अगं घरात हळद असताना ही विलायती फुलं कशाला?" आता त्याच डबी उशाला घेऊन झोपतात. हळद चांगलीच आहे पण कोरड्या भेगेत ती आणखी ओढते, इथे तेल अन् मेण कातडी मऊ ठेवतं. खरं सांगायचं तर त्यातला किती गुण फुलाचा अन् किती मेणाचा हे मला वेगळं करून सांगता येणार नाही. शेतात ताजं खरचटलं तर मी आजही कंबरमोडीचा पालाच चोळते, तीही ह्याच कुळातली.

फुलाच्या गुणाबद्दल मात्र कागदावरचा पुरावा आहे. फ्रान्समधल्या डॉक्टरांनी स्तनाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन घेणाऱ्या २५४ बायकांवर कॅलेंडुलाचं मलम अन् दुसरं एक नेहमीचं मलम तपासलं होतं, ते २००४ साली छापून आलं. कातडी जास्त भाजण्याचं प्रमाण कॅलेंडुलावाल्यांत ४१ टक्के, दुसऱ्यांत ६३ टक्के. सूज कमी करणारा फॅराडिऑल नावाचा घटक फुलात असतो. युरोपात तर हे फूल शेकडो वर्षं घरात आहे, केशर परवडत नव्हतं ते लोक रंगासाठी सूपात टाकायचे. अन् नाव आलंय लॅटिनमधल्या महिन्याच्या पहिल्या दिवसाच्या शब्दावरून, आपलं कॅलेंडर पण त्याच शब्दातलं.

आता जे मला बोलायलाच पाहिजे ते. माझ्या वडलांना शुगर आहे. जूनमध्ये चपलेचा अंगठा लागून पायाला जखम झाली अन् मी मोठ्या विश्वासाने चार दिवस हेच मलम लावलं. वरून बरी दिसायली होती, आत पू झाला होता. परभणीला नेलं, साफ करून तीन आठवडे ड्रेसिंग चाललं. डॉक्टर म्हणाले अजून उशीर केला असता तर बोट गेलं असतं. ते ऐकून माझे पाय लटलट कापायले होते, अजूनही आठवलं की झोप येत नाही. शुगरवाल्याची जखम, खोल जखम, पू, चावलेलं, मोठं भाजलेलं, ह्याला हे लावू नका, दवाखाना गाठा.

अन् गाजरगवताची ॲलर्जी असणाऱ्यांनी जपून. तेही ह्याच कुळातलं, शेवंती पण. आमच्या धाकट्या जाऊबाईंना गाजरगवतानं पुरळ उठतं, त्यांना कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस थांबायला सांगितलं तर खरंच लाल चट्टा आला. त्यांच्यासाठी नुसतं तेल-मेण करून दिलं.

दसरा जवळ आलाय, वेचणी सुरू होईल. मागच्या वर्षीचं बी डब्यात आहे, कापलेल्या नखासारखं वाकडं, खरखरीत असतं ते. ह्यावेळी दोन वाफे करणार आहे, एक सासूबाईंनी त्यांच्या बहिणीसाठी मागितलाय.