लार्ज ब्रीड पपी फूड: नखरेल, सडपातळ पिल्लाला काही महिने घातल्यानंतर

आमचा ढब्बू जर्मन शेफर्ड. नावाला जागला नाही, हा भाग वेगळा. घरी आल्यापासून त्याला ‘लार्ज ब्रीड पपी’ प्रकारातलं कोरडं खाद्य चालू आहे आणि आता तो वर्षाकडे झुकलाय. ब्रँड मुद्दाम सांगत नाही, कारण पुढचं बहुतेक सगळं या प्रकारातल्या कुठल्याही बऱ्या खाद्याला लागू आहे.

आधी निकाल सांगून टाकतो. खाद्य चांगलं आहे, ढब्बू झक्क वाढलाय. पण पिल्लू गुटगुटीत होईल या आशेने घेणार असाल तर घेऊ नका. ते त्यासाठी बनवलेलंच नसतं, आणि मला त्यातलं नेमकं तेच पटलं.

मोठ्या जातीच्या पिल्लाची हाडं झपाट्याने वाढतात. त्यावर जास्तीचं वजन चढलं की सांध्यांची वाट लागते. म्हणून या खाद्यात कॅलरी आणि कॅल्शियम दोन्ही आवरून धरलेले असतात. कॅल्शियमचा मुद्दा जास्त नाजूक. लहान पिल्लाच्या आतड्याला नको असलेलं कॅल्शियम नीट अडवता येत नाही, जेवढं पोटात जाईल त्यातलं बरंचसं शरीरात शिरतं. त्यामुळे संतुलित खाद्यावर वरून कॅल्शियमची पावडर किंवा सिरप म्हणजे विकतचं दुखणं. आम्हालाही ‘हाडं मजबूत होतील’ म्हणून एक बाटली भेट आली होती, ती तशीच सीलबंद आहे. प्रोटीनने हाडं बिघडतात हा समज मात्र खोटा, ग्रेट डेनच्या पिल्लांवर अभ्यास करून तो तपासला गेलाय.

बॅग घेताना पुढच्या बाजूचा रुबाबदार कुत्रा बघू नका, मागचा बारीक मजकूर वाचा. अमेरिकेतल्या पशुखाद्य नियंत्रकांच्या ‘आफको’ या संघटनेच्या निकषात, मोठेपणी साधारण 32 किलो किंवा त्याहून जास्त भरणाऱ्या कुत्र्यांच्या पिल्लांसाठी कॅल्शियमची कमाल मर्यादा 1.8 टक्के आहे, इतर पिल्लांसाठी 2.5. हे आकडे ओलावा वगळून असतात. म्हणजे लेबलवर कॅल्शियम 1.4 आणि ओलावा 10 टक्के असेल, तर खरा आकडा साधारण 1.56. मोठ्या जातींच्या वाढीसाठी योग्य असल्याचं वाक्य बॅगेवर स्पष्ट असलं की हा हिशोब करायचीही गरज पडत नाही. ते वाक्य नसेल तर मी बॅग परत ठेवतो.

आता नखरे. ढब्बूची पद्धत ठरलेली: भांड्यात नाक घालायचं, एकच दाणा उचलायचा, तो फरशीवर ठेवायचा आणि माझ्या हाताकडे बघत बसायचं. हातात काही चमचमीत येतंय का, एवढाच प्रश्न. पिल्लं हे फार लवकर शिकतात. आज दाण्यांवर चिकन पडलं की उद्या नुसते दाणे बेचव, परवा चिकनही शिळं वाटायला लागतं. आमच्याकडे चाललं ते असं: भांडं ठरलेल्या वेळी खाली, पंधरा-वीस मिनिटांनी वर, मध्ये काही नाही. सहा महिन्यांपर्यंत दिवसातून तीनदा, नंतर दोनदा. दाण्यांवर कोमट पाणी ओतून पाच मिनिटं ठेवलं की वास सुटतो आणि अर्धे नखरे तिथेच मिटतात. वरचं कौतुक (ट्रीट, उकडलेलं अंडं, काहीही) दिवसाच्या कॅलरीच्या दहा टक्क्यांत बसवायचं, नाहीतर सगळा तोल जातो.

चौथ्या ते सहाव्या महिन्यात दात बदलतात, तेव्हाचं न खाणं वेगळं. भूक असते, चावताना दुखतं. त्या दिवसांत एकदा भांड्यात दाण्यांबरोबर तांदळाएवढा दात सापडला. तेव्हा सगळं खाद्य भिजवून मऊ करून दिलं आणि शिस्त जरा सैल सोडली.

आणि सडपातळपणा. येणारा प्रत्येक पाहुणा ‘याला खायला घालत नाही का?’ विचारून जातो. मी त्यांना हाताची मूठ वळायला सांगतो. बोटांच्या उंचवट्यांवरून दुसरा हात फिरवल्यावर लागतं तसं बरगड्यांवर लागलं तर पिल्लू कमी भरतंय. पालथ्या, सरळ हातावर लागतं तसं हवं. तळहातासारखं मऊ लागलं तर जास्त होतंय. वरून बघताना कंबर दिसली पाहिजे. कण्याची आणि कमरेची हाडं लांबूनच टोचल्यासारखी दिसायला लागली, तर मात्र काळजी करा. लॅब्रेडॉरच्या 24 जोड्यांचा एक प्रसिद्ध अभ्यास 2002 मध्ये छापून आला. त्यात जोडीतल्या एकाला आयुष्यभर दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी खायला दिलं. कमी खाणाऱ्यांचं मध्यक आयुर्मान 13 वर्षं निघालं, दुसऱ्यांचं 11.2, आणि सांध्यांचे त्रासही कमी खाणाऱ्यांना उशिरा झाले. पाहुण्यांना एवढं ऐकायचं नसतं, पण मी ऐकवतो.

बॅगेवरचा तक्ता फक्त सुरुवातीला धरा. वीस किलोच्या, चार महिन्यांपुढच्या पिल्लाला ढोबळमानाने दिवसाला 1,300 च्या आसपास कॅलरी लागतात. खाद्यात शंभर ग्रॅमला 370 असतील तर साडेतीनशे ग्रॅमच्या थोडं वर. पुढे बरगड्या बघून कमी-जास्त करायचं. मापाचा कप बेभरवशाचा, वजनकाटा वापरा.

तक्रारी आहेतच. माझ्या बॅगेची झिप दुसऱ्या आठवड्यातच निकामी झाली. तळाशी भुगा उरतो आणि त्याला ढब्बू तोंडही लावत नाही. मोठी बॅग स्वस्त पडते, पण उघडल्यावर फॅट हवेने खवट व्हायला लागतं आणि नखरेल कुत्र्याला ते आपल्याआधी कळतं. महिन्या-सव्वा महिन्यात संपेल एवढीच बॅग घ्या आणि हवाबंद डब्यात बॅगेसकट ठेवा.

खाद्य बदलण्याआधी एकदा शी तपासून घ्या. जंत किंवा जिआर्डिया (आतड्यातला एक सूक्ष्म परजीवी) असेल तर जगातलं सगळ्यात महाग खाद्यही अंगी लागणार नाही. न खाण्याबरोबर उलटी, जुलाब, मरगळ असेल किंवा वजन उतरत असेल, तर तो नखरा नव्हे, सरळ डॉक्टरकडे जा. बदलायचं ठरलंच तर सात ते दहा दिवस जुन्यात नवं मिसळत न्या.

आम्ही एवढ्यात पूर्ण वाढलेल्या कुत्र्यांच्या (अॅडल्ट) खाद्यावर जाणार नाही. शेफर्डची वाढ वर्ष-दीड वर्षापर्यंत चालते, ग्रेट डेनसारख्या अवाढव्य जातींची त्याहूनही पुढे. तोवर हीच बॅग, फक्त झिपच्या जागी मोठी क्लिप.