ओझोनची पिशवी, बाटली आणि सुई: एका जॉबरनं पाहिलेली तीन सेंटर

चाळीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होतो, म्हणजे लूम (यंत्रमाग) जुळवणारा, दुरुस्त करणारा. दवाखान्यात गेलो तरी भिंतीवरच्या सर्टिफिकेटांआधी माझी नजर मशीनकडे जाते, ही खोड काही जाणार नाही. गेल्या वर्षभरात ओझोन वायूच्या उपचारापायी सोलापुरातल्या तीन सेंटरांच्या पायऱ्या चढलो. नावं लिहीत नाही. म्हणायला महापालिका असली तरी इथं कुणाच्या रिसेप्शनवर कुणाची भाची बसलेली निघेल सांगता येत नाही.

सुरुवात मंडळींच्या पायापासून झाली. तिला साखर १४ वर्षांची. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला नवी चप्पल घालून गेली आणि डाव्या अंगठ्याखाली फोड घेऊन आली. पाय बधिर, त्यामुळं चार दिवस पत्ताच नाही. फरशीवरचे डाग नातवानं दाखवले तेव्हा कळलं. फेब्रुवारीत तिथं दहाच्या नाण्याएवढी जखम. सर्जननं सडका भाग काढला, गोळ्या दिल्या, इन्सुलिन सुरू केलं आणि दम भरला, "मावशी, या पायावर भार टाकायचा नाही." दीड महिना गेला तरी जखम तिथंच. मग अशोक चौकातल्या एका ओळखीच्या माणसानं सांगितलं, ओझोन करून बघा.

पहिल्या सेंटरवर करतात ते पिशवीनं. पाय आधी पाण्यानं ओला करतात, कारण कोरड्या कातडीवर ओझोनचं फारसं चालत नाही. मग पोटरीपर्यंत प्लास्टिकची पिशवी चढवून वर पट्टी आवळतात, आतली हवा ओढून घेतात आणि गॅस सोडतात. पिशवी पापडासारखी फुगते. अर्धा तास पडून राहायचं, दुखत नाही. मंडळी तेवढ्यात झोप काढायची.

गॅस म्हणजे नुसता ओझोन नव्हे. त्यात ९५ टक्क्यांच्या वर ऑक्सिजनच असतो, ओझोन फार तर ५ टक्के. मात्रा मोजतात एका मिलिलिटरमागे किती मायक्रोग्रॅम या हिशोबानं. जखमेत पू होता तेव्हा त्यांनी ७० वर ठेवलं. खालून लाल मांस दिसायला लागलं तसं ३० वर आणलं. हे मला पटलं. ताण्याचा ताण जसा सूत बघून कमी-जास्त करावा लागतो, तसंच की. सगळ्यांना एकच आकडा लावणारा कारागीर मला कुठल्याच धंद्यात आवडत नाही.

आणि दुसरं, तिथं वास नव्हता. हे ऐकायला विचित्र वाटेल, पण ओझोनला नावच वासावरून पडलंय. बासेलच्या शोनबाईन नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं १८४० साली तो ओळखला आणि वास येणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून नाव ठेवलं. वीज पडल्यावर येतो तो वास, जुन्या झेरॉक्सच्या दुकानात यायचा तो. हा गॅस फुप्फुसात गेला तर घात करतो, त्यामुळं काम झाल्यावर पिशवीतला गॅस मशीननं परत ओढून नष्ट करायचा असतो. पहिल्या सेंटरवर त्यासाठी वेगळा डबा होता. खोलीत डेटॉलशिवाय काही जाणवायचं नाही. वास यायला लागला की समजायचं कुठंतरी गळतंय.

एका वेळचे ५०० रुपये, एकूण १५ वेळा. वर घरी लावायला ओझोन मुरवलेलं ऑलिव्ह तेल, ३५० ची बाटली. ते तेल घट्ट पांढरं होतं आणि वास उग्र. आमच्याकडं फ्रिजमध्ये शेंगाचटणीच्या डब्याशेजारी ठेवलं म्हणून सुनेनं तीन दिवस फ्रिज उघडताना नाक धरलं.

जखम अडीच महिन्यांत भरली. आता इथंच माझ्यातला जॉबर अडतो. लूम सारखा तार तोडत असेल तर एका वेळी एकच बोल्ट फिरवायचा, मग चालवून बघायचं. एकदम तीन बोल्ट फिरवले आणि लूम चालला, तर कशानं चालला हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. आम्ही इन्सुलिन सुरू केलं होतं, साखर २८० वरून १५० ला आली होती, पायावरचा भार काढला होता, ड्रेसिंग रोज चालू होतं, आणि पिशवीही. धाकटी लेक फार्मसी शिकून पुण्यात कंपनीत आहे. तिला विचारलं तर म्हणाली, "अप्पा, मधुमेहाच्या पायावर ओझोन चालतो का, हे कोक्रेनवाल्यांनी, म्हणजे जगभरातले औषधांचे अभ्यास गोळा करून पारखणाऱ्या संस्थेनं, २०१५ ला तपासलंय. सगळं धुंडाळून हाती तीन अभ्यास लागले, त्यात मिळून २१२ पेशंट. चालतो असंही म्हणता येत नाही, चालत नाही असंही नाही." म्हणजे मी आणि कोक्रेन एकाच जागी अडकलो. तरी पहिल्या सेंटरला पाचपैकी साडेतीन तारे देतो, कारण त्यांनी एकदाही "सर्जनकडं जाऊ नका" म्हटलं नाही.

दुसऱ्या सेंटरवर मी गेलो ते स्वतःच्या थकव्यासाठी. बोर्ड मोठा, इंटिग्रेटिव्ह मेडिसिन, खाली पंचकर्म, ॲक्युपंक्चर, ओझोन, सगळं एका रांगेत. आत एसी, बेसनलाडू ठेवलेले. साहेबांनी वीस मिनिटं समजावलं. थकवा, साखर, लिव्हर, सांधे, केस, कॅन्सरसुद्धा, एकाच यादीत. मी मनात म्हटलं, एवढी कामं तर आमच्या मालकाच्या मुनीमालाही जमत नव्हती.

इथली पद्धत बाटलीची. दंडातून साधारण १५० मिलिलिटर रक्त काढून काचेच्या बाटलीत घेतात, ते गोठू नये म्हणून आत औषध असतं. त्यात गॅस सोडून बाटली हळूहळू गोल फिरवतात आणि तेच रक्त सलाइनसारखं परत शिरेत सोडतात. पाऊण तास लागतो. काळपट रक्त डोळ्यांदेखत लालभडक होतं. साहेब म्हणाले, "बघा काका, रक्त शुद्ध झालं." मी भारावलो, खोटं कशाला सांगू. रात्री लेकीला फोन केला तर ती हसली. "शिरेतलं रक्त काळपटच असतं अप्पा. त्याला ऑक्सिजन मिळाला की लाल होणारच, नुसता ऑक्सिजन सोडला असता तरी झालं असतं. फुप्फुसात तुमचं तेच चाललंय, फुकट."

पण खरी गंमत त्याआधीची. आडवा पडलो, रक्त बाटलीत गेलं, आणि मग माझी नजर मशीनकडे गेली. ऑक्सिजनचा सिलिंडर कुठंच नाही. मशीन खोलीतलीच हवा ओढत होतं. हवेत पाचातले चार हिस्से नायट्रोजन. अशा हवेपासून ओझोन केला की सोबत नायट्रोजनचे विषारी ऑक्साइड तयार होतात. भाजी धुवायच्या मशीनला ते चालत असेल, माणसाच्या रक्ताला नाही. मशीनपासून बाटलीपर्यंत आलेली नळी रबराची, आणि वाकते तिथं बारीक चिरा. चाळीस वर्षं लूमचे रबरी बफर बदललेत, रबर मेलंय की जिवंत हे मला लांबून कळतं. ओझोन रबर खातो, म्हणून त्याला सिलिकॉनची नळी लागते. शेजारच्या ट्रेमध्ये कुणासाठी तरी गॅस भरलेली सिरिंज तशीच पडून होती आणि भरणारी मुलगी फोनवर. ओझोन टिकत नाही. वीस अंशांत साधारण ४० मिनिटांत निम्मा उरतो, गरम हवेत त्याहून लवकर जातो. त्या दिवशी बाहेर ४३ होतं. ज्याला ती टोचली असेल त्याला बहुतेक नुसता ऑक्सिजन मिळाला, आणि बिल ओझोनचं.

आता म्हणाल, उठून का नाही आलात? अहो, माझं रक्त त्यांच्या बाटलीत होतं!

एका वेळचे ३,५०० घेतले. दहाचं पॅकेज ३०,००० ला. मला कुणी विचारलं नाही की जी-सिक्स-पीडी तपासलंय का. हे एक एन्झाइम असतं. काही जणांत जन्मतःच कमी असतं आणि अशा माणसाला ओझोन दिला तर तांबड्या पेशी फुटू शकतात. थायरॉइड वाढलाय का, तेही नाही. निघताना साहेबांनी अजून एक सुचवलं: रक्त बाहेर काढायचंच नाही, गॅस थेट शिरेत. "वेळ वाचतो, पैसेही कमी." शिरेत गॅसचा बुडबुडा गेला तर माणूस जाऊ शकतो, हे सलाइन लावणारा वॉर्डबॉयसुद्धा जाणतो. ओझोनवाल्या डॉक्टरांनी स्वतःच केलेल्या माद्रिदच्या जाहीरनाम्यातही ही पद्धत नको म्हणून सांगितलंय, म्हणजे या विद्येचे भक्तही जिथं थांबतात तिथून हे पुढं निघाले होते. शिवाय काउंटरवर पाटी, 'अमेरिकेत मान्यताप्राप्त'. लेकीनं अमेरिकेच्या एफडीएचा, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याचा, नियमच वाचून दाखवला: ओझोन हा विषारी वायू आहे आणि त्याचा कुठलाही ज्ञात औषधी उपयोग नाही. थकव्याचं म्हणाल तर त्या रात्री झोप छान लागली. दुसऱ्या दिवशी होतो तसाच. एक तारा, तोही लाडवाचा.

मधेच मेव्हण्याचं सांगतो, कारण त्यानंही तिथलंच पॅकेज घेतलं होतं, वेगळं. त्याचं लिव्हरचं दुखणं. त्याला गुदद्वारातून बारीक नळीनं २०० मिलिलिटर गॅस सोडायचे. सुई नाही, रक्त नाही, सगळ्यांत स्वस्त, ८०० रुपये. पहिल्या दिवशी लाजला, तिसऱ्या दिवशी घरच्या जेवणावर बसून वर्णन करायला लागला तेव्हा बहिणीनं त्याला ताटावरून उठवलं. पोट फुगतं म्हणे तासभर. लिव्हरचे रिपोर्ट सुधारले, पण त्यानं दारूही त्याच आठवड्यात सोडली होती. परत तेच, दोन बोल्ट एकदम.

तिसरं सेंटर गुडघ्याचं. मशीनवर उभं राहून राहून माझे दोन्ही गुडघे वाजतात, उजवा जास्त. इथले डॉक्टर हाडांचे. पहिल्या दिवशी सुईच लावली नाही. एक्स-रे बघितला, रक्ततपासणीला पाठवलं, त्यात ते जी-सिक्स-पीडीही होतं. मशीनला सिलिंडर जोडलेला, नळी सिलिकॉनची, सिरिंज माझ्या उशाशी भरली आणि लगेच टोचली. १० मिलिलिटर गॅस, मात्रा १५. आत जाताना गुडघ्यात चर्र आवाज येतो, मुरमुऱ्यावर पाय पडावा तसा, आणि दहा मिनिटं गुडघा फुग्यासारखा जड होतो. मग हलका. मी विचारलं, झीज भरून येईल का? ते म्हणाले, "नाही हो. झीज आहे तशीच राहणार. सूज आणि दुखणं काही महिने कमी राहील, तेवढ्यात मांडीचे व्यायाम करा." एवढं सरळ उत्तर मला तिन्ही ठिकाणी मिळून एकदाच मिळालं.

आठवड्याला एक, अशा चार सुया, प्रत्येकी १,८००. इथं मात्र मी हट्टानं एकच बोल्ट फिरवला: दोन्ही गुडघे दुखत असताना फक्त उजव्यात घेतल्या आणि डावा तसाच ठेवला. व्यायाम दोन्ही पायांचे सारखेच केले. दोन महिने उजवा बरा होता, सिद्धेश्वराच्या देवळात तलावाकडच्या पायऱ्या धरत-धरत का होईना उतरलो. तिसऱ्या महिन्यात दोघंही पुन्हा एका सुरात वाजायला लागले. सुईनं झालं की डॉक्टर गोड बोलले म्हणून झालं, हे एका गुडघ्यावरून सांगता येत नाही असं लेक म्हणते. बरोबर असेल. पण ते दोन महिने माझे होते.

चार तारे. पाचवा द्यायचा होता, पण सेंटर दुसऱ्या मजल्यावर आहे, आणि चारपैकी तीन वेळा लिफ्ट बंद. खाली वॉचमनला म्हटलं, गुडघ्याचा दवाखाना हाय अन् लिफ्ट बंद? तो म्हणाला, "काका, वर जाऊन आलेले खाली येताना पळतेत."