प्रभात रोडजवळचं कॉफीचं दुकान आणि माझी दोन कोना पाकिटं

दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण अर्धी तक्रार आहे आणि अर्धं कौतुक. प्रभात रोडच्या आत एका गल्लीत आहे, बिया स्वतः भाजतात, कोपऱ्यावरूनच वास येतो. पार्किंगचं विसरा, रिक्षाने जा.

तर झालं असं की माझी बहीण हवाईला जाऊन आली आणि तिथल्या कोना कॉफीचं इतकं ऐकवलं (आणली मात्र चिमूटभरही नाही) की इथल्या शेल्फवर मोठ्या अक्षरात कोना दिसल्यावर मी पुढचामागचा विचार न करता पाकीट उचललं, 100 ग्रॅम 850 रुपये. सकाळी केली. वाईट नव्हती, पण मी नेहमी चिकमगळूरची आणते तिच्यापेक्षा वेगळं काय ते काही कळेना. मग नवऱ्याने चष्मा लावून पाकीट उलटं केलं, तर खाली बारीक अक्षरात ब्लेंड, कोना 10 टक्के. एका मगाला मी 15 ग्रॅम घालते, म्हणजे मगात कोना दीड ग्रॅम! लग्नात हाताला अत्तर लावतात ना, तेवढं.

गेले परत तणतणत. मालक शांत, म्हणे ताई हवाईतही असंच विकतात. आणि हे खरंय, मी नंतर वाचलं, तिथल्या कायद्याप्रमाणे 10 टक्के कोना असली तरी ब्लेंडवर नाव टाकता येतं, शेतकरी वर्षानुवर्षं ओरडतायत, आता कुठे जुलै 2027 पासून ते 51 टक्के होणार आहे. पण अहो, हवाईचा कायदा मला कशाला सांगता, पुढच्या बाजूला ब्लेंड लिहायला शाई कमी पडली का? यावर ते हसले आणि आतून दुसरं पाकीट काढलं. शंभर टक्के कोना, एक्स्ट्रा फॅन्सी ग्रेड, भाजल्याची तारीख पेनाने लिहिलेली, 100 ग्रॅम 2600 रुपये. मी दोनदा विचारलं.

मग मात्र त्या माणसाने वीसेक मिनिटं मस्त समजावलं, इथे पूर्ण मार्क. कोना म्हणजे हवाईच्या मोठ्या बेटाचा पश्चिमेकडचा पट्टा, हुआलालाई आणि मौना लोआ या ज्वालामुखींचा उतार. लाव्हाची जमीन, पाणी साचत नाही, सकाळी ऊन आणि दुपारी ढग येऊन आपोआप सावली. फळं एकदम पिकत नाहीत म्हणून त्याच झाडावर परत परत जाऊन फक्त लाल झालेली हाताने तोडायची, आणि मजुरी अमेरिकेची, किंमत तिथेच चढते. त्यात 2010 मध्ये फळ पोखरणारा भुंगेराही तिथे सापडला, त्याचा खर्च वेगळा. तोडलेल्या फळाची साल काढून बिया रात्रभर आंबवतात, धुतात आणि लाकडी माच्यावर उन्हात पसरतात. त्या माच्याला चाकांवरचं छप्पर असतं, जपानी शेतकऱ्यांची युक्ती, होशिदाना म्हणतात, पाऊस आला की ढकलायचं आणि बिया झाकायच्या. मला आजी आठवली, गच्चीवर पापड घातले की ढग बघत बसायची, तिला असं छप्पर मिळालं असतं तर आमची दुपारची धावपळ वाचली असती. ओलावा 9 ते 12 टक्क्यांवर आला की बी टरफलासकट ठेवतात आणि विकायच्या जरा आधी सोलतात, म्हणजे आपण भात कणगीत ठेवून लागेल तसे तांदूळ कांडून घ्यायचो तसंच.

घरी आल्यावर फ्रेंच प्रेसमध्ये केली, दूध नाही, साखर नाही. पाणी ओतल्यावर गूळ विरघळतानाचा वास आला, चव हलकी, थोडी आंबटसर, शेवटी भाजलेल्या बदामासारखी, आणि कडवटपणा जवळजवळ नाहीच. भारी होती, खोटं कशाला बोलू. आईने घोट घेतला आणि म्हणाली, छान आहे गं, पण पातळ लागते, जायफळ घालू का. 390 रुपयांच्या मगात जायफळ! मी मग तिच्या हातातून काढून घेतला.

आता माझाच गाढवपणा. मालकाने बजावलं होतं की फ्रिजमध्ये ठेवू नका, हवा, उजेड, उष्णता आणि दमट हवा चौघीही कॉफीच्या सवती, फार दिवस ठेवायची तर छोट्या हवाबंद पुड्या करून फ्रीझरमध्ये आणि पुडी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडायची नाही, नाहीतर बाष्प धरतं. मी काय केलं, तर जुलैचा पाऊस, घरात सगळंच सादळतंय म्हणून पाकिटाला कपडे वाळत घालायचा चिमटा लावून खुशाल फ्रिजमध्ये ठेवलं, लसणाच्या चटणीशेजारी. आठवड्याने उघडलं तर 40 ग्रॅम कोनाला लसणाचा वास. यात दुकानाचा काही दोष नाही, मार्क कापत नाहीये.

मार्क कापतेय ते त्या बारीक अक्षरांचे, आणि ब्लेंडवर भाजल्याची तारीखच नाही, नुसती पॅकिंगची, याचे. साडेतीन स्टार. जाणार असाल तर सकाळी जा, दुपारी 1 ते 4 बंद (पुणे!), पाकीट उलटं करून वाचा आणि बी अख्खीच घ्या, दळून देतात पण घेऊ नका.

850 वाली उरलेली आईला दिली, तिने दूध, साखर, जायफळ घालून केली आणि शेजारच्या काकूंना बोलावून पाजली, दोघींना जाम आवडली.