ग्राफ आला, पण तो फोटो होता

साडेनऊ हजार रुपये गेले, त्याचं आता फार काही वाटत नाही. पण ते गेल्याचं दीड वर्ष चारचौघांत सांगता आलं नाही, ते का, एवढ्यासाठी हे लिहितोय. मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाची पोरं आता तयार प्रोजेक्टसाठी कोल्हापूरच्या राजारामपुरीत चकरा मारायला लागतील, त्यांनी त्याआधी वाचलेलं बरं.

प्रोजेक्टचा विषय मीच सुचवला होता. वाळूच्या साच्यात ओतलेली २५ मिलिमीटर जाडीची बिडाची (कास्ट आयर्नची) प्लेट कशी थंड होते, त्याचं संगणकावरचं सिम्युलेशन. माझे वडील, आण्णा, शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत भट्टीवर आहेत, त्यामुळं विषय घरचाच वाटला. वहीत समीकरण मांडून झालं आणि मॅटलॅब, म्हणजे असली गणितं आणि ग्राफ करायचं सॉफ्टवेअर, उघडल्यावर गाडी अडली. लूप लिहिता येत होतं, पण त्यातून येणारा ग्राफ उड्या मारायचा. एका ओळीला बाराशे अंश, पुढच्या ओळीला उणे चार हजार! गाइड सरांकडे आमच्या चौघांसारखे आणखी नऊ ग्रुप. सबमिशनला सतरा दिवस.

‘प्रोजेक्ट गायडन्स, मॅटलॅब, अॅन्सिस, शंभर टक्के आउटपुट’ असा बोर्ड येताजाता दिसायचा. गल्लीचा नंबर सांगत नाही. जिना चढून वर दोन खोल्या, चार पोरं हेडफोन लावून बसलेली. तिथल्या माणसाला सगळे ‘सर’च म्हणत होते. विषय ऐकून तो म्हणाला, “भावा, हा आपल्या डाव्या हाताचा मळ.” पाच हजार आधी, चार हजार आउटपुट बघून, आणि रिपोर्टचं फॉरमॅटिंग पाचशे. पावती मागितली तर व्हिजिटिंग कार्डाच्या मागं पेनानं आकडा लिहून दिला. यूपीआय केलं ते कुणा बाईच्या नावाच्या खात्यावर. “नोटमध्ये काही लिहू नको,” हेही त्यानंच सांगितलं. एवढ्यावर तरी डोकं चालायला हवं होतं. आम्ही चौघांनी वर्गणी काढली. माझा वाटा ‘पुस्तकं घ्यायची आहेत’ म्हणून आण्णांकडून घेतला.

आठ दिवसांनी डेमो झाला. एक चौकट उघडली. तिनं ओतण्याचं तापमान, प्लेटची जाडी, गणितासाठी प्लेटचे जे भाग पाडायचे त्यांची संख्या विचारली. त्यानं १३८० टाकलं, २५ टाकलं, ५० टाकलं. ‘सॉल्व्हिंग’ लिहिलेली पट्टी हळूहळू भरत गेली, आणि असा देखणा ग्राफ आला की आम्ही एकमेकांना टाळ्या दिल्या. मी विचारलं, १३०० टाकून बघू का? तो हसला. “व्हॅल्यू बदलत बसू नको. कन्व्हर्जन्स बिघडेल.”

कन्व्हर्जन्स म्हणजे उत्तर एका जागी स्थिरावणं. हे वाक्य लक्षात ठेवा. ते पटतं, कारण त्यात अर्धं खरं असतं. सिम्युलेशन खरंच नाजूक असतं. एक आकडा चुकला की उत्तर भडकतं, हे मी स्वतः अनुभवलं होतं. त्यानं माझ्याच भीतीवर बोट ठेवलं.

पेनड्राइव्हमध्ये मिळाली ती पी-फाइल. मॅटलॅबचा साधा प्रोग्राम एम-फाइलमध्ये असतो, तो कुणालाही उघडून वाचता येतो. पी-फाइल चालते, पण आत काय लिहिलंय ते दिसत नाही. सोय कायदेशीर आहे, कंपन्या आपला कोड झाकायला ती वापरतात. “कोड चोरीला जातो भावा,” असं तो म्हणाला आणि आम्ही मान डोलावली. शिवाय माझ्या लॅपटॉपवर अँटिव्हायरस बंद करून क्रॅक केलेलं मॅटलॅब टाकून दिलं. त्याचं फळ म्हणून पुढं सगळा लॅपटॉप फॉरमॅट करावा लागला.

चोरी पकडली ती आण्णांनी, आणि त्यांनी आयुष्यात कधी मॅटलॅब बघितलेलं नाही.

सेकंड शिफ्ट करून ते घरी आले तेव्हा रिपोर्टची प्रिंट टेबलावर होती. चष्मा लावून त्यांनी ग्राफ बघितला, कागद लांब धरला, परत जवळ घेतला.

“ह्यात थांबा कुठाय?”

“कसला थांबा?”

“आरं, कपात रस घेतल्यावर रेघ खाली येते, मग आडवी हुते, मग परत खाली जाते. हितं सरळ घसरगुंडीच हाय. हे बीड न्हवं, च्या निवतोय.”

त्यांचं म्हणणं असं. फौंड्रीत ओतण्याआधी थोडा रस, म्हणजे वितळलेलं बीड, एका छोट्या कपात घेतात. कपात तापमान मोजणारं थर्मोकपल असतं, आणि रस निवतानाची रेघ पडद्यावर दिसते. रसाचं घन होताना सुप्त उष्णता बाहेर पडते, त्यामुळं बिडाची रेघ साधारण ११५० अंशांच्या आसपास थोडा वेळ आडवी चालते. तोच थांबा. आण्णांनी तो हजारो वेळा बघितलाय. माझ्या नऊ हजारांच्या ग्राफमध्ये तो नव्हताच. मी वाद घातला, ‘मॉडेल सोपं केलंय’ वगैरे. ते काही बोलले नाहीत, जेवायला बसले.

रात्री मी १३८० च्या जागी १२५० टाकलं. रेघ तीच, सुरुवात १३८० लाच. भागांची संख्या ५० वरून ५००० केली. गणित एवढं वाढल्यावर वेळही वाढायला हवा ना? मोबाइलवर घड्याळ लावलं. आधी एक मिनिट चाळीस सेकंद, नंतरही एक मिनिट चाळीस सेकंद. म्हणजे ती पट्टी गणित करत नव्हती, नुसती भरत होती. मग डेटा टिप घेऊन रेघेवर क्लिक केलं. खऱ्या आलेखावर क्लिक केलं की त्या बिंदूचा वेळ आणि तापमान दिसतं. इथं दिसले त्या ठिपक्यात लाल, हिरवा आणि निळा रंग किती आहे त्याचे आकडे, जसे चित्रावर क्लिक केल्यावर दिसतात. झूम केलं तर रेघेचे चौकोन चौकोन झाले, अक्षावरचे आकडेसुद्धा फाटले. तो ग्राफच नव्हता. कुठून तरी उचललेलं चित्र होतं, मॅटलॅबच्या खिडकीत चिकटवलेलं.

दुसऱ्या दिवशी चौघं जिना चढून गेलो. आधी “सर बाहेरगावी गेलेत”. सर आतच होते. मग “आम्ही गायडन्स देतो, गॅरंटी नाही”. बोर्डावरचं शंभर टक्के दाखवल्यावर तो शांतपणे म्हणाला, “आउटपुट आलं की नाही? तुमच्या गाइडला फोन लावू का, पोरांचं काम आम्ही करून दिलं म्हणून?”

आम्ही गप जिना उतरलो.

खाली चहाच्या गाड्यावर ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ मोबाइलवर टाइप करून बसलो होतो. सांगणार काय? दुसऱ्याचं काम माझं म्हणून खपवायला पैसे दिले, आणि त्यानं ते नीट करून दिलं नाही, असं? ह्या धंद्याची खरी कडी तीच आहे. गिऱ्हाईक तक्रार करूच शकत नाही, म्हणून चित्र चिकटवायचेही नऊ हजार घेता येतात.

शेवटी गाइड सरांना खरं सांगितलं. दहा मिनिटं जे ऐकलं ते इथं लिहीत नाही. मग त्यांनी माझा जुना, उड्या मारणारा प्रोग्राम मागितला आणि एकच प्रश्न विचारला, “टाइम स्टेप किती घेतलीस?” मी एक सेकंद घेतली होती. माझ्या पद्धतीत ही वेळेची पायरी, म्हणजे एका हिशोबापासून पुढच्या हिशोबापर्यंतचा वेळ, एका मर्यादेहून मोठी चालत नाही. शेजारच्या दोन बिंदूंमधल्या अंतराच्या वर्गाला उष्णता-विसरणांकाच्या (उष्णता धातूत किती झपाट्यानं पसरते त्या आकड्याच्या) दुपटीनं भागलं की ती मर्यादा येते. एक मिलिमीटर अंतर आणि बिडासाठी मी धरलेला आकडा घातला की ०.०५ सेकंद. मी वीसपट मोठी पायरी टाकत होतो. तेवढं बदललं आणि उड्या थांबल्या! साडेनऊ हजारांचा प्रश्न एका ओळीत सुटला, आणि तो विचारायला दोन जिने पलीकडं सरांची केबिन होती.

सुप्त उष्णता ११५० अंशांच्या आसपासच्या तापमानाच्या छोट्या पट्ट्यात वाढीव विशिष्ट उष्णता म्हणून घातली, तेव्हा आडवी रेघ आली. हे सगळं ऑक्टेव्हमध्ये केलं. ते फुकट आहे आणि मॅटलॅबचा साधा कोड त्यात बहुतेक तसाच चालतो. पी-फाइल मात्र त्यात चालत नाही, हा मला आता गुणच वाटतो. सायलॅब हे असंच दुसरं फुकट सॉफ्टवेअर शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये धडे आहेत. क्रॅकच्या नादाला लागण्यापेक्षा मॅटलॅब ऑनलाइनचे महिन्याचे २० फुकट तास प्रोजेक्टला पुरतात.

बाहेरून मदत घेऊच नये असं मी म्हणत नाही. उद्यमनगरात डिझाइनचं काम करणारे एक जण तासावर शिकवतात. कीबोर्ड तुमच्याच हातात ठेवतात आणि स्वतः शेजारी बसतात. जिथं एम-फाइल देत नाहीत, समोर आकडा बदलू देत नाहीत, तिथं पैसे काढू नका. मुद्दाम वेडा आकडा टाकून बघा, ओतण्याचं तापमान ३० अंश. तरीही ग्राफ देखणाच आला तर उठा.

परीक्षेत एक्स्टर्नलनी, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकांनी, १३०० टाकायला सांगितलं. रेघ बदलली, थांबा जागेवर राहिला. आण्णांना रात्री तो ग्राफ दाखवला तर म्हणाले, “थांबा जरा आखूड हाय.” पुस्तकांच्या पैशांचं त्यांना मी अजून सांगितलेलं नाही.