स्वतःची चावी की तयार कुलूपबंद पेटी?

मेल एन्क्रिप्ट करायचे असं एकदा ठरलं की पुढे दोन वाटा फुटतात. एक पीजीपी या मेल कुलूपबंद करणाऱ्या प्रोग्रामची जुनी वाट: चावी आपणच बनवायची, आपणच सांभाळायची. दुसरी, प्रोटॉन किंवा टूटासारख्या सेवेत खातं उघडायचं आणि चाव्यांचा कारभार तिच्यावर सोपवायचा. मी चार वर्षं पहिल्या वाटेने चाललो, आता दुसरीवर आहे. निवड करायच्या बेतात असलेल्यांसाठी हे लिहितोय. सार्वजनिक चावी आणि खाजगी चावी यांतला फरक (पहिलीने इतरांनी आपल्यासाठी कुलूप लावायचं, दुसरीने आपण उघडायचं) तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो.

आधी पाळत म्हणजे कोणती पाळत, ते ठरवायला हवं. सगळ्यांवर एकदम टाकलेलं जाळं वेगळं आणि तुमच्या नावाने लावलेला गळ वेगळा. २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेनने अमेरिकी सरकारची गुप्त पाळत उघडकीला आणली, ती मुख्यतः जाळं होती. त्यातून पत्रातला मजकूर वाचवायला दोन्ही वाटा बऱ्यापैकी उपयोगी पडतात. गळ लागला तर मात्र दोन्ही तोकड्या. फोनमध्ये पेगाससारखं हेरगिरीचं सॉफ्टवेअर शिरलं असेल तर मेल वाटेत कितीही बंद असला, तरी तुम्ही वाचायला घेता तेव्हा तो पडद्यावर उघडाच असतो. शिवाय कायदा आहेच. ब्रिटनमध्ये मागितलेली चावी न देणं हाच गुन्हा, शिक्षा २ वर्षांपर्यंत, राष्ट्रीय सुरक्षेचा मामला असेल तर ५. भारतात माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खाली ७ वर्षांपर्यंत. चावी स्वतःच्या खिशात ठेवण्याचा अभिमान मलाही होता. पण चावी ज्याच्या खिशात, नोटीसही त्याच्याच दारात, हे मला फार उशिरा सुचलं.

पीजीपीची बाजू आधी मांडतो, कारण तिच्याबद्दल मला अजून जिव्हाळा आहे. फिल झिमरमन यांनी १९९१ मध्ये हा प्रोग्राम लोकांच्या हाती दिला. तेव्हा अमेरिकेत असलं सॉफ्टवेअर देशाबाहेर जाणं म्हणजे शस्त्रास्त्रांची निर्यात समजली जाई. त्यांच्यामागे काही वर्षं चौकशी लागली आणि १९९६ च्या सुरुवातीला खटला न भरताच ती गुंडाळली गेली. ज्या गोष्टीला एखादं सरकार इतकं बिचकतं तिच्यात दम असणारच, अशी माझी समजूत होती, आणि गणितापुरती ती खरी आहे. पीजीपीमध्ये मधल्या कुणावर विश्वास टाकावा लागत नाही. मेल कुठल्याही कंपनीच्या सर्व्हरवर पडलेला असो, त्यांच्या हाती लागतो तो नुसता अक्षरांचा काला.

अडचण पाकिटाची आहे. पत्र आत बंद, पण कुणी, कुणाला, कधी लिहिलं हे वर उघडं. पुष्कळदा विषयाची ओळसुद्धा. अलीकडचा थंडरबर्ड हा मेल प्रोग्राम विषय आत घेतो आणि बाहेर तीन टिंबं ठेवतो, पण समोरच्याचा प्रोग्राम तसं करेलच असं नाही. तयार पेट्यांचंही फार वेगळं नाही. टूटा विषय एन्क्रिप्ट करते, प्रोटॉनमध्ये तो सेवेला वाचता येतो. आणि पाकीट ही किरकोळ बाब नव्हे. अमेरिकेच्या एनएसए आणि सीआयए या गुप्तचर संस्थांचे प्रमुख राहिलेले मायकेल हेडन २०१४ मध्ये जाहीरपणे म्हणाले होते की आम्ही मेटाडेटाच्या, म्हणजे पाकिटावरच्या अशा माहितीच्या, आधारे माणसं मारतो. म्हणजे पत्र न फोडताही पाळत व्हायची ती होतेच. मेलची रचनाच अशी आहे की पत्ता वाचल्याशिवाय टपाल पोचत नाही, आणि या बाबतीत दोन्ही वाटांचं पारडं मला तरी सारखंच वाटतं.

मग मी वाट बदलली ती कशामुळे? सांगितलं तर क्षुल्लक वाटेल.

ज्या मित्राशी माझा सर्वांत जास्त पत्रव्यवहार, त्याला मी दोन रविवार शेजारी बसून चावी बनवून दिली होती. एकदा त्याला मी लांबलचक मेल लिहिला. नोकरी सोडण्याबद्दल होता, त्यात कुणाकुणाची नावं, घरचं काही, असं बरंच. नीट कुलूप लावून पाठवला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. वर दोन ओळी: ‘कुलूप लागत नव्हतं, म्हणून बंद केलं. तुझा निर्णय बरोबर वाटतो.’ आणि त्या दोन ओळींखाली माझा अख्खा मेल, अक्षरन् अक्षर, उघडा.

झालं होतं असं की माझ्या चावीची मुदत संपली होती. मी ती वाढवली होती, पण वाढवलेली चावी त्याच्यापर्यंत पोचवायची राहून गेली. त्याच्या प्रोग्रामने एन्क्रिप्ट करायला नकार दिला, जो योग्यच होता. मग त्याने चारचौघे जे करतील ते केलं: एन्क्रिप्शनचं बटण बंद केलं आणि पाठवा दाबलं. प्रोग्रामची चूक नाही, त्याची तर नाहीच. पण जे पत्र मी इतक्या निगुतीने बंद केलं, ते आता त्याच्या आणि माझ्या, दोन्ही मेल कंपन्यांच्या सर्व्हरवर साध्या मजकुरात पडलं होतं. कोणत्याही सरकारला ते मिळवायला गणित सोडवायची गरज नव्हती, एक कागद पुरला असता.

मग मी लक्ष ठेवू लागलो. वर्षभरात असं आणखी दोनदा घडलं, वेगवेगळ्या माणसांकडून. एकदा तर माझ्याच हातून, घाईत. शिवाय ‘फोनवर उघडत नाही, साधा पाठव ना’ हे किती वेळा ऐकलं ते मोजलं नाही. स्नोडेननेही पत्रकार ग्लेन ग्रीनवाल्डना पीजीपी वापरायची गळ घातली होती, शिकवणारा व्हिडिओसुद्धा करून पाठवला, तरी ग्रीनवाल्डकडून ते होईना. जगातली सर्वांत मोठी बातमी दारात उभी असताना! मग माझ्या मित्राला मी कुठल्या तोंडाने बोलणार?

तयार पेटीवर ज्या शंका घेतल्या जातात त्या खोट्या नाहीत. २०२१ मध्ये प्रोटॉनला स्विस अधिकाऱ्यांच्या आदेशावरून एका फ्रेंच पर्यावरण कार्यकर्त्याच्या खात्याचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवर तो कुठून जोडला गेला तो क्रमांक, नोंदवून द्यावा लागला. २०२० मध्ये जर्मन न्यायालयाने टूटाला, तेव्हाच्या टूटानोटाला, एका खात्यात येणारे साधे मेल तपास यंत्रणेला वाचता येतील अशी सोय करायला लावली. त्याआधीचं हशमेलचं प्रकरण तर वाईटच. एन्क्रिप्टेड म्हणवणाऱ्या त्या सेवेने कॅनडातल्या न्यायालयाच्या आदेशावरून ग्राहकांचे मेल उलगडून दिल्याचं २००७ मध्ये बाहेर आलं, कारण तिच्या एका प्रकारात पासफ्रेज, म्हणजे चावी उघडणारा परवलीचा शब्दसमूह, सर्व्हरवरून जात असे. आणि स्नोडेन जी मेल सेवा वापरत होता ती लॅवाबिट. तिचे मालक लॅडर लेविसन यांनी ऑगस्ट २०१३ मध्ये सेवाच बंद केली. त्याआधी अमेरिकी सरकारने मागितलेली सेवेची चावी त्यांनी ११ पानांवर बारीक टायपात छापून दिली होती, वाचता येऊ नये इतकी बारीक. हा चावटपणा मला मनापासून आवडतो, पण ग्राहकांची पेटी गेली ती गेलीच.

यादी वाचून तुम्ही पीजीपीकडे झुकत असाल तर मी अडवणार नाही. मी मात्र तीच यादी जरा निराळी वाचतो. प्रोटॉन आणि टूटा यांच्या प्रकरणांत बाहेर गेलं ते पाकीट, किंवा जे मुळात उघडंच आलं होतं ते. दोन्ही टोकांना बंद असलेलं पत्र फुटलं नाही. सेवेवर विश्वास टाकावा लागतो हे खरं. समोरच्याची चावी म्हणून ती जी देते ती खरी मानायची, आणि ब्राउझरमध्ये दर वेळी तिचाच कोड चालवायचा. पण माझ्या मित्राला एक बटण न दाबण्याइतकं भान दर वेळी राहील, यावर टाकलेल्या विश्वासापेक्षा हा मला कमी धोक्याचा वाटतो. एकाच सेवेतल्या दोघांमध्ये एन्क्रिप्शन बंद करायचं बटणच नसतं. माझा खरा फायदा एवढाच.

हा फायदा समोरचा त्याच सेवेत असेल तरच. बाहेरच्या साध्या पत्त्यावर पाठवलेला मेल, पासवर्ड लावून पाठवला नाही तर, साधाच जातो. म्हणून मी ज्यांच्याशी खरोखर काही बोलायचं असतं अशा तिघांना खाती उघडायला लावली. तिघांचं मिळून एका संध्याकाळीत झालं. जुने मेल शोधताना पूर्वीपेक्षा वेळ लागतो, त्याची सवय करून घेतली.

आणि ज्याचं पाकीटही दिसू नये असं वाटतं, ते मी मेलमध्ये लिहीतच नाही, सिग्नल या एन्क्रिप्टेड संदेशांच्या ॲपवर बोलतो. २०१६ मध्ये अमेरिकेतून सिग्नलकडे एका खात्याची माहिती मागितली गेली, तेव्हा त्यांच्याजवळ द्यायला खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं एवढंच होतं. बातमीदार, कार्यकर्ते किंवा ज्यांच्यावर गळ लागायची खरी शक्यता आहे, त्यांनी मेलच्या दोन्ही वाटांवर फार वेळ घालवू नये असं मला आपलं वाटतं. त्यांच्यात पीजीपी सफाईने वापरणारे आहेत, पण ते माझ्या सल्ल्यासाठी थांबलेले नाहीत.

जुनी चावी मी टाकलेली नाही. चार वर्षांचे मेल तिनेच उघडतात, आणि दोन माणसं अजून तिच्यावरच लिहितात. तिची मुदत मी दर वर्षी वाढवतो, आणि आता वाढवली की त्याच दिवशी दोघांना पाठवतो. त्यांतला एक तोच मित्र आहे. त्याला तयार पेटीचं आमंत्रण पाठवून तीन महिने झाले. ‘बघतो’ म्हणालाय.