खडीचा ड्राइव्हवे: खडी दिसते वर, पैसा मुरतो खाली

फाटकापासून गाडी लावायच्या जागेपर्यंत खडी टाकायची ठरली की पहिला प्रश्न येतो, 'ब्रासला (म्हणजे १०० घनफुटांना) काय भाव?' त्यातून खर्चाचा खरा अंदाज येत नाही. वर दिसणारी खडी हा या कामातला छोटा वाटा. खोदाई, माती उचलणं, खालचा थर, दबाई आणि वाहतूक यांतच बहुतेक पैसा जातो. एखादा दर इतरांपेक्षा फारच कमी आला, तर यातलं काय वगळलंय ते आधी विचारावं.

४० फूट लांब आणि १० फूट रुंद पट्टा धरू, म्हणजे ४०० चौरस फूट. खालचा थर दबाईनंतर ६ इंच, वरचा २ इंच. म्हणजे ८ इंच खोदाई आली. मोजून ती २६७ घनफूट भरते, पण खणलेली माती फुगते. प्रत्यक्षात सव्वातीन ते साडेतीन ब्रास माती उचलावी लागते. खालच्या थराला दाबलेली २०० घनफूट खडी हवी. सैल खडी दबून साधारण पाचवा हिस्सा कमी होते, म्हणून मागवायची अडीच ब्रास. वरच्या थराला पाऊण ब्रास पुरते. एकूण सव्वातीन ब्रास, वजनात १४ टनांच्या आसपास. 'मातीवरच तीन इंच खडी पसरून देतो' असं कोणी म्हणत असेल तर तो एका ब्रासचं काम सांगतोय. ते स्वस्त पडणारच. पण माती ओली झाली की चाकं खडी खाली दाबतात, चिखल फटींतून वर येतो आणि जमीन खडी अक्षरशः गिळून टाकते. मग दरवर्षी नवी खडी टाकत राहायचं.

हे थांबवतं ते जिओटेक्स्टाइल, म्हणजे जमिनीत घालायचं कृत्रिम धाग्यांचं कापड. खणलेला तळ चोपून घेतल्यावर त्यावर न विणलेल्या प्रकारचं, चौरस मीटरला १५० ते २०० ग्रॅम वजनाचं कापड अंथरायचं, जोडावर एक फूट चढवून. पाणी झिरपतं, माती वर येत नाही. संपूर्ण कामात इतक्या कमी पैशात इतका उपयोग दुसऱ्या कशाचाच नाही. त्याऐवजी प्लास्टिकचा कागद घालू नये. पाणी त्यावर साचतं आणि वरचा थर सरकू लागतो. कापडाने तण कायमचं थांबेल ही अपेक्षाही चुकीची. पानं कुजून आणि धूळ साचून वरच माती तयार होते, बी तिथे रुजतं.

खालच्या थराला ४० एमएम खडी, फटी भरायला तिच्यात कच, म्हणजे दगडाचा बारीक चुरा. हा थर एकदम सहा इंच ओतून वरून रोलर फिरवला तर वरचे तीन इंच घट्ट होतात, खालचे पोकळ राहतात. तीन-तीन इंचांचे दोन थर करावेत, प्रत्येकावर पाणी शिंपडून दबाई. टाच जोरात रोवली तरी खळगा पडायला नको. मग मधोमध बादलीभर पाणी ओता. ते दोन्ही कडांकडे गेलं पाहिजे. मध्यावरून कडेपर्यंत दोन इंच उतार हवा, आणि तो मातीच्या तळापासूनच काढलेला हवा. वरची खडी कमी-जास्त पसरून आणलेला उतार टिकत नाही.

वरच्या थरासाठी १० ते २० एमएमची फोडलेली, कोनदार, धुतलेली खडी घ्यावी. डंपर रिकामा होण्याआधी मूठभर उचलून दाबून पाहा: कडा हाताला टोचल्या पाहिजेत आणि तळहातावर पिठासारखी पूड राहता कामा नये. नदीतले गोल गोटे फार सुंदर दिसतात, म्हणून अनेकांना मोह होतो. पण ते एकमेकांत अडकत नाहीत, चाकाखाली घरंगळतात. थर जाड केला की मजबुती येते हाही गैरसमज. चार इंच सैल खडीत चाक रुततं आणि चालणाऱ्याचे पाय मुरगळतात.

कडेला अडसर नसेल तर खडी पसरत बागेत जाते. दगडी किंवा काँक्रीटची कड जमिनीत पक्की गाडावी. चढ असेल तर प्लास्टिकच्या मधमाशीच्या पोळ्यासारख्या जाळ्या घेण्यासारख्या आहेत. ४-५ सेंटीमीटर खोल घरांत बारीक खडी बसते आणि उताराने खाली वाहत नाही. मात्र पाया मऊ असेल तर त्या वाकतात, तुटतात. सपाट जागेवर हा खर्च टाळला तरी चालतं.

देखभालीला माल कमी लागतो, हात जास्त. दर महिन्याला दाताळ्याने कडेची खडी मध्याकडे ओढायची आणि चाकोऱ्या मोडायच्या. दोन-तीन वर्षांनी एक इंच खडी, म्हणजे या मापाला साधारण तिसरा हिस्सा ब्रास. खड्डा पडला तर नुसती सैल खडी ओतणं व्यर्थ आहे, कारण तळाशी पाणी साचण्याची जागा तशीच राहते. भोवतालचा थर खड्ड्याच्या तळापर्यंत उकरून, कच मिसळून, ओला करून पुन्हा दाबावा लागतो. हे काम पाऊस उघडल्यावर, माती ओलसर असताना करावं. कोरडी खडी बसत नाही.

काँक्रीट सुरुवातीला महाग, नंतर बरीच वर्षं शांत. पण तडा गेला की तोडफोड. खडी सुरुवातीला परवडते, पाणी जमिनीत मुरू देते, बिघडली तर फावड्याने नीट होते. लांब पट्टा, सपाट जमीन आणि महिन्यातून तासभर दाताळं हातात घ्यायची तयारी असेल तर खडीच घ्यावी. घरात व्हीलचेअर असेल किंवा चढ तीव्र असेल, तर खडीच्या नादी लागू नये.