अनुदानाचं मळणी यंत्र म्हणून ३२ हजार भरले, हाती आलं भंगार

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात आमची अडीच एकर मालदांडी असते. ज्वारी उपटून, कणसं मोडून खळ्यावर पडली की ट्रॅक्टरवरचं मोठं मशीन मिळेपर्यंत जीव टांगणीला. आमच्या एवढ्याशा ढिगासाठी मशीनवाला लवकर येत नाही, आणि तेवढ्यात आभाळ भरून येतं. सिंगल फेजवर चालणारं छोटं यंत्र घरचंच असावं, ही माझी गरज यंत्र विकायला आलेल्या एका माणसानं बरोबर हेरली.

जानेवारीत तो गावात आला. "६४ हजारांचं यंत्र, निम्मं अनुदान. तुम्ही ३२ भरा, महाडीबीटीचं आम्ही बघतो." महाडीबीटी म्हणजे सरकारी योजनांचे अर्ज भरायचं पोर्टल. सातबारा, आधारची झेरॉक्स घेतली. पैसे दुकानाच्या नाही, कुणाच्या तरी खासगी खात्यावर मागवले. पावती साध्या कागदावर, जीएसटी क्रमांक नाही.

यंत्र आलं, रिकामं फिरवून दाखवलं आणि गडी निघून गेले. सुगीत कणसं घातली तर मोटार घरघरून बंद पडायची. ज्वारी ओंजळीत घेतली, तर निम्मे दाणे फुटलेले आणि भुसा तसाच मिसळलेला. ड्रम आणि जाळीत जागाच नव्हती, दाणा भरडला जात होता. घरच्या बायका पुन्हा सूप घेऊन बसल्या. मोटारीवरचा ३ एचपीचा स्टिकर मी नखानं खरवडला. खाली पत्र्यावर २ कोरलेलं.

त्याचा फोन बंद. कृषी सहाय्यकांकडं गेलो तर माझ्या नावानं अर्जच नव्हता. त्यांनी सांगितलेलं नीट वाचा: आधी अर्ज, निवड झाली की पूर्वसंमती, त्यानंतरच खरेदी. पूर्ण रक्कम शेतकऱ्यानं आधी भरायची, बिल चढवायचं, तपासणी झाली की अनुदान थेट आपल्या आधार जोडलेल्या खात्यात येतं. म्हणजे 'निम्मेच भरा' म्हणणारा माणूस तिथंच खोटा ठरतो. मला हे जानेवारीत कुणी सांगितलं असतं तर!

१९३० वर, म्हणजे ऑनलाइन पैशांच्या फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, फोन केला तो दीड महिन्यानं. तोवर त्या खात्यात काही उरलं नव्हतं. तुम्ही कालपरवा पैसे दिले असतील तर आत्ताच फोन लावा. यंत्र बघायला जाताना आपलीच दोन पोती कणसं न्या, भर घालून चालवायला लावा, दाणा हातात घेऊन बघा. आणि त्या माणसाला कागदपत्रं दिली असतील तर महाडीबीटीवर तुमच्या नावानं परस्पर काही अर्ज झालाय का, तेही तपासा.